डांबरी रस्त्याने गेलेला गाडा

‘ती घटना आजही आठवते’ असं लिहून सुरुवात करायची आमच्या खात्यातल्या निवृत्त लोकांची पद्धत आहे. पेन्शनीत बसून कागद पुढे ओढला की हे वाक्य आपोआप येतं. माझ्या बाबतीत ते पुरेसं नाही. आठवायला मधे थोडं विसरावं लागतं, आणि मला त्या घटनेचा राग अजून तसाच येतो. बायको म्हणते, रक्तदाबाची गोळी घेऊन लिहायला बसा. गोळी घेतली आहे.

कोणाचंही नाव घेणार नाही, गावाचंसुद्धा नाही. एवढं सांगतो की शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या शिवेवर एक नदी आहे, नदीवर पूल आहे आणि पुलाच्या अलीकडे, शहापूरच्या अंगाला, ते बाजारगाव आहे. माझ्या नोकरीची शेवटची वर्षं मी तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो, सहायक पोलीस निरीक्षक म्हणून. एक सरळ पेठ, भाताची गिरणी, खता-बियाण्यांची दुकानं, आठवड्याचा बाजार. बाजाराच्या दिवशी पार टोकावड्याच्या अंगापासून माणसं येतात. वाडीवरच्या बाया रानभाजी आणि खेकडे घेऊन पुलाच्या कठड्याशी बसतात. नोकरीवाले सकाळी जीप धरून कल्याण गाठतात. भातसानगरला धरणावर कामाला असलेली काही घरं आहेत, ती स्वतःला जरा वरची समजतात. मुंबईला पाणी आमच्याच तालुक्यातून जातं हे गावात सगळे अभिमानाने सांगतात आणि मार्च उजाडला की टँकरसाठी एकमेकांच्या झिंज्या धरतात.

शिवेवरच्या गावाला एक खोड असते. वाईट जे काही घडतं ते पलीकडून आलेलं असतं. मोटारसायकल चोरीला गेली, पलीकडचे. पोरगी पळाली, पलीकडच्याने फूस लावली. कोंबड्यांना रोग आला, पलीकडून आला. नदीच्या त्या बाजूलाही हेच चालतं, फक्त बोट आमच्याकडे असतं. पुलाच्या मधोमध दिव्याचा एक खांब आहे. तो मी असेपर्यंत कधी पेटला नाही, कारण दोन्ही ग्रामपंचायतींना तो आपला वाटत नव्हता. आणि आम्ही पोलीस तरी कुठले वेगळे. पुलावर अपघात झाला की दोन ठाण्यांचे हवालदार जखमीकडे बघायच्या आधी हद्द कुठे लागते ते बघत.

पूल ओलांडला की मुरबाडच्या हद्दीत, रस्त्याला लागून माळावर कातकऱ्यांची वाडी आहे. दिवाळीनंतर ही माणसं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. बाजारगावाच्या लेखी ती पलीकडची. पलीकडच्या गावाच्या लेखी ती वाडीतली. म्हणजे दोन्ही काठांनी झटकून टाकलेली.

त्या वर्षी आषाढात बाजारगावात आजार सुरू झाला. उलट्या, पोटात आग, काहींच्या अंगावर चट्टे. आधी लोकांना वाटलं, नेहमीचं पावसाळ्याचं दुखणं. मग प्राथमिक आरोग्य केंद्रात खाटा पुरेनात. डॉक्टरांनी पाण्याचे नमुने पाठवले. अहवाल यायचा तेव्हा येणार होता. नदीतला मासा मरून काठाला लागला होता, पोत्यांनी भरावा एवढा. आणि वाडीवर मात्र एकही माणूस आजारी नव्हता.

याचं कारण साधं होतं. गावाला नळयोजनेचं पाणी, नदीतून उचललेलं. वाडीने त्या योजनेत जोडणी मागितली होती, तेव्हा गावाने हद्द दाखवली होती. वाडी आपल्या हातपंपाचं पाणी पीत होती. पण पेठेत चर्चा अशी सुरू झाली की वाडीत कोणी आजारी कसं नाही, म्हणजे त्यांनीच काहीतरी केलं आहे. ज्यांना पाणी दिलं नाही, त्यांनी ते पाणी प्यायलं नाही, हाच त्यांचा गुन्हा ठरला.

आता गाड्याबद्दल सांगायला हवं. या भागात आजार आला की मरीआईचा गाडा काढतात. सुतार लाकडाचा छोटा गाडा बनवतो. घरोघरच्या बाया त्यात नारळ, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, भाताचा गोळा ठेवतात. मग पुरुष तो अनवाणी ढकलत शिवेवर नेतात, सोडतात आणि मागे न बघता परत येतात. आपला आजार शिवेबाहेर गेला. पुढच्या गावाने तो पुढे ढकलायचा. मी श्रद्धेवर बोलणारा माणूस नाही. माझी आई असे गाडे बघत वाढली. पण चाळीस घरांचं दुखणं शेजारच्याच्या दारात नेऊन ठेवायचं आणि हात धुवून जेवायला बसायचं, यातलं शहाणपण मला कधी कळलं नाही.

गाडा काढायचं ठरवलं ते गावातल्या एका पुढाऱ्याने. त्याला सगळे भाऊ म्हणत, मीही भाऊच म्हणतो. जमिनीच्या दलालीत वर आलेला माणूस. देवळाच्या कमिटीत, शाळेच्या कमिटीत, शांतता समितीत, सगळीकडे खुर्ची. ठाण्यात गणपतीचा बंदोबस्त असला की आमच्या पोरांना वडापाव त्याच्याकडून. असा माणूस प्रत्येक ठाण्याला एक असतो आणि त्याच्यापासून प्रभारी अधिकाऱ्याने चार हात लांब राहायचं असतं.

मंगळवारी गाडा निघाला. पूल ओलांडून वाडीच्या हातपंपाशी सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली की कल्याणच्या दवाखान्यात गावातली एक लहान मुलगी गेली. तिचा बाप कल्याणची जीप चालवायचा. पेठेत सगळे त्याला ओळखत, सरळ माणूस. ती बातमी येते न येते तोच दुसरी आली, की वाडीतल्या एका बाईने गाडा हातपंपापासून उलटा ओढून पुलाकडे आणून टाकला आहे. मग काय विचारता. दुपारी जमाव वाडीत घुसला. बाईला घराबाहेर ओढलं, मारलं, तिचा उजवा हात मोडला. गाडा परत पाठवलास म्हणून पोरगी गेली, आणि नदीत औषधही तुम्हीच टाकलंत, असा आरोप. कातकरी रानातल्या झाडाची साल ठेचून डोहात टाकतात, मासा झिंगून वर येतो, हे या भागात सगळ्यांना माहीत आहे. त्याच माहितीचा दोर करून तिच्या गळ्यात टाकला.

मी त्या दिवशी शहापूरला बंदोबस्तावर होतो. संध्याकाळी ठाण्यात परत आलो तर बाहेरच्या बाकावर एक बाई हाताला फडकं गुंडाळून बसलेली, शेजारी नवरा उकिडवा. ठाणे अंमलदाराला विचारलं, काय प्रकरण. तो म्हणाला, “साहेब, घटनास्थळ पलीकडच्या हद्दीत आहे. मी तिकडे जायला सांगितलं.” नवरा खाली बघूनच म्हणाला, “तिकडनंच आलो सायब. ते बोलले, मारनारे बाजारातले हायत, बाजारच्या ठान्यात जा.”

म्हणजे मोडलेला हात घेऊन ती बाई पुलावरून दोनदा आली-गेली होती. आम्हीही एक गाडाच ढकलत होतो, वर्दी घालून. त्या अंमलदाराला मी काय बोललो ते छापण्यासारखं नाही. हद्द कोणाचीही असो, शून्य क्रमांकाने गुन्हा कुठल्याही ठाण्यात दाखल होतो, हे प्रशिक्षणात पहिल्या महिन्यात शिकवतात. तसा तो दाखल करून घेतला. वैद्यकीय यादी, म्हणजे तपासणीसाठी डॉक्टरांच्या नावे पत्र, देऊन तिला महिला हवालदाराबरोबर ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. हात प्लास्टरमध्ये घालून ती परत येईपर्यंत ठाण्याच्या आवारात जमाव उभा होता आणि पुढे भाऊ, हातात टाइप केलेला अर्ज. बाईला अटक करा, पाणी दूषित केल्याचा आणि मुलीच्या मृत्यूचा गुन्हा लावा.

“साहेब, लोक भडकलेत,” भाऊ म्हणाला. “तुम्ही तिला आत घ्या. तिच्याच सुरक्षेसाठी सांगतोय.”

सुरक्षेसाठी अटक, हा युक्तिवाद मी नोकरीत इतक्यांदा ऐकला आहे की आता हसूही येत नाही. अर्ज घेतला, पोच दिली आणि सांगितलं की चौकशी होईल. बाईला महिला हवालदाराच्या खोलीत बसवलं आणि जबाब सुरू केला.

माझा हवालदार कॉम्प्युटरवर टाइप करत होता. खात्यातला जुना, हुशार माणूस, तीस वर्षांच्या नोकरीत माझ्यापेक्षा जास्त बघितलेला. मी बाईला विचारलं, नदीत औषध टाकलं का. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं आहे.

“पुराच्या पान्यात कोन औषद टाकतं सायब? वाहून नाय जानार? ते उन्हाल्यात, डोहात पानी बसतं तेव्हा. आनि मासा मारतो तो खायाला. काठाला एवढा मासा कुजत पडला, आमच्यातल्या कोनी उचलला? हात पन नाय लावला. वास येत व्हता त्याला.”

हवालदाराची बोटं थांबली. तो याच भागातला, शेतकऱ्याचा मुलगा. त्याला हे माहीत होतं. मला माहीत होतं. पेठेतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं की आषाढातल्या दुथडी नदीत साल ठेचून कोणी मासे मारत नाही. अज्ञानाने केलेला आरोप मी समजू शकतो. हा तसा नव्हता. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनी मिळून ते बाजूला ठेवलं होतं, कारण माणूस सापडला होता.

“गाडा का ओढलास?” मी विचारलं.

“पंपाला लावला व्हता. पोरा तिथं पानी पितात. आनि तो आमच्याकडं आलाच कसा? दर साली ओढ्याच्या वाटनं जातो, उतारावर नदीकाठी शिवेच्या उंबराखाली सोडतात. यंदा डांबरी रस्त्यानं पुलावरनं आनला. देवीचा गाडा कधी डांबरावरनं जातो का गो?” शेवटचं ती महिला हवालदाराला उद्देशून म्हणाली.

महिला हवालदार म्हणाली, “नाय जात.”

हे मात्र मला नवीन होतं. दुसऱ्या दिवशी हजेरी आटपून मी साध्या कपड्यात पेठेत फिरलो. चौकशीचा माझा एक साधा नियम आहे. ज्या गोष्टीबद्दल लोक भांडत आहेत ती विचारायची नाही, तिच्या शेजारची विचारायची. औषधाबद्दल विचारलं असतं तर प्रत्येकाने वाडीकडे हात केला असता. मी विचारलं, यंदा गाडा पुलावरून का नेला. गिरणीवाला म्हणाला, भाऊ बोलले. देवळातला पुजारी म्हणाला, भाऊ बोलले, ओढ्याला चिखल फार आहे. गाडा बनवणारा सुतार चांगलाच चिडलेला होता.

“माझी चाकं मातीतली साहेब. डांबरावर कडकड वाजत गेली. बापजन्मात असा गाडा नाय गेला. मी बोललो भाऊला. तर बोलतो, काळ बदलला.”

मी हवालदाराला बरोबर घेतलं आणि ओढ्याच्या वाटेने निघालो. ही वाट देवळामागून उतरते, एका बंद पडलेल्या खडीक्रशरला वळसा घालते आणि नदीवरच्या उतारावर जाते. नळयोजनेसाठी नदीचं पाणी ज्या विहिरीतून उचलतात ती तिथून थोडी खालच्या अंगाला. क्रशरच्या फाटकापर्यंत हिरवंगार रान होतं. फाटकाच्या पुढे ओढ्याच्या दोन्ही काठांचं गवत तपकिरी, मुळापासून जळलेलं. खेकडे पालथे पडलेले. वास असा की डोळ्यांतून पाणी आलं. हवालदाराने चप्पल घातली होती, तिच्या पट्ट्याशी चिखल लागला तिथे त्याची कातडी लाल झाली. फाटकाच्या आत मोठ्या गाडीच्या चाकांचे खोल ठसे होते आणि एका जाड पाइपचं तोंड ओढ्याकडे केलेलं.

कारखान्यांचं घाण रसायन टँकरमधून आणून कुठल्यातरी आडबाजूच्या ओढ्यात सोडायचं, हा धंदा आमच्या भागात नवा नाही. पावसाळ्यात करायचा, म्हणजे पाणी पुरावा वाहून नेतं. पंच बोलावले, पंचनामा केला, माती-पाण्याचे नमुने सीलबंद करून रासायनिक पृथक्करणासाठी पाठवले, आणि नळाचं पाणी तिथल्या तिथे बंद करायला लावलं. क्रशरची जागा कोणाची, हे विचारायला फार लांब जावं लागलं नाही. वर्षापूर्वी भाऊने घेतली होती.

पण जागा असणं म्हणजे गुन्हा नव्हे. तो म्हणू शकत होता, कोणीतरी कुलूप तोडून टाकलं, मला काय माहीत. आणि तो तसंच म्हणणार होता. त्याच दिवशी मला एक खबर मिळाली. माळशेज रस्त्यावरच्या एका धाब्यावाल्याने फोन केला. आधी नाव सांगेना. मी म्हटलं, आवाज ओळखला आहे, बोल. तो म्हणाला, “साहेब, एक टँकर यायचा. डायवर माझ्याकडे जेवायचा. जाताना भरलेली गाडी बसलेली असायची, येताना रिकामी उड्या मारत यायची. आणि भाऊचा माणूस माझ्याकडनंच त्याला क्रशरच्या फाटकाकडं घेऊन जायचा. माझं नाव नको.” धाब्याला कॅमेरा होता. त्याचं नाव न घेता कॅमेऱ्याचं चित्रण रीतसर मागवलं.

भाऊला चौकशीला बोलावलं, तेव्हा तो एकटा आला नाही. दोन गाड्या भरून माणसं, आणि माझ्या फोनवर वरून एकापाठोपाठ एक फोन. प्रत्येकाचं म्हणणं एकच, वातावरण बिघडवू नका. मी फोन अंमलदाराकडे दिला आणि दार लावलं. टँकरचा विषय काढलाच नाही.

“गाडा यंदा ओढ्याने का नाही नेला?”

त्याला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. “चिखल होता साहेब.”

“आषाढात दरवर्षी चिखल असतो.”

“यंदा जास्त. पोरं घसरली असती.”

“गाडा ढकलणारे सगळे शेतकरी. लावणीला दिवसभर चिखलात उभे असतात. ते घसरले असते?”

तो हसला. “तुम्ही श्रद्धेच्या गोष्टीत कशाला पडता?”

“गाड्याला पुढे कोण होतं?”

“माझा मुलगा. मान आमच्या घराचा आहे.”

“अनवाणी?”

“अनवाणीच. तसाच नेतात.”

मी गप्प बसलो. चौकशीत ओरडणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा गप्प बसणाऱ्याला जास्त ऐकायला मिळतं, हा माझा अनुभव आहे. त्याने पाणी मागितलं, प्यायला, आणि मग वैतागून म्हणाला, “अहो साहेब, समजून घ्या. त्या वाटेने नेलं असतं तर पोराचे पाय भाजले असते.”

हवालदाराने मान वर केली. मी विचारलं, “कशाने?”

ओढ्याचा पंचनामा व्हायच्या आधी, गावात कोणालाही त्या काठाचं काही माहीत नसताना, या माणसाला माहीत होतं की तिथे पाय ठेवला तर कातडी जळते. मुलाच्या पायांसाठी त्याने देवीची वाट बदलली होती. तेच पाणी खाली जाऊन गावाच्या नळाला येतं, हेही त्याला माहीत होतं, कारण टँकर यायला लागले त्या महिन्यापासून त्याच्या घरी पाण्याचे जार येत होते, हे मला पेठेत कळलं होतं. गावाला त्याने सांगितलं नाही. गावाला त्याने गाडा दिला, आणि गाडा सोडायला वाडी दाखवली.

मी नोकरीत खुनी बघितले, दरोडेखोर बघितले. त्यांच्याशी बोलताना मला एवढी किळस कधी आली नाही. मी उठून बाहेर गेलो, तोंडावर पाणी मारलं आणि परत आलो. आत राहिलो असतो तर माझ्याच हातून गुन्हा झाला असता.

पोलिसापुढे दिलेली कबुली न्यायालयात टिकत नाही, म्हणून पुढचे दिवस पुरावे जमवण्यात गेले. टँकरचा चालक गुजरातच्या रस्त्यावर सापडला, फोनचे तपशील जुळले, कॅमेऱ्यातलं चित्रण जुळलं, मातीचा अहवाल आला. भाऊ आत गेला. गाव दोन दिवस सुन्न होतं. तिसऱ्या दिवशी पेठेत बोलणं सुरू झालं की ते रसायन शेवटी कुठल्यातरी पलीकडच्याच कारखान्याचं होतं.

राहिला होता बाईचा गुन्हा. घटनास्थळ पलीकडचं, पण दोन्ही प्रकरणं जोडलेली म्हणून त्याचाही तपास वरून माझ्याकडेच दिला होता. हाड मोडलं होतं, म्हणजे गंभीर दुखापत. तिने पहिल्या जबाबात सांगितलं होतं, मारणाऱ्याला तोंडाने ओळखते, नाव माहीत नाही. तिला पुरवणी जबाबासाठी बोलावलं, त्या सकाळी गावातली पाच-सात प्रतिष्ठित मंडळी माझ्या आधी ठाण्यात हजर. तंटामुक्तीचे अध्यक्ष, पुजारी, दोन माजी सरपंच. ती वाडीत मार खात होती तेव्हा यातला एकही पूल ओलांडून गेला नव्हता.

“साहेब, मिटवून टाकू,” अध्यक्ष म्हणाले. “ज्याने मारलं त्याची पोर गेलीय. दुःखाच्या भरात झालं. बाईला आम्ही सांगतो. ती ऐकेल.”

मिटवून टाकू. ग्रामीण भागातल्या ठाण्यात दिवसातून दहा वेळा हा शब्द ऐकू येतो आणि नेहमी त्यांच्याकडूनच येतो ज्यांचं काही मोडलेलं नसतं.

तेवढ्यात जीपवाला आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. बाई व्हरांड्यात बाकावर होती, प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून. तो तिच्यासमोर उभा राहिला. “बाय, मी मारलं तुला,” एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. मंडळी बाईकडे बघायला लागली. आता ती म्हणेल, जाऊ द्या. आमच्याकडे गरिबाने या वेळी जाऊ द्या म्हणायचं असतं, म्हणजे सगळ्यांना सुखाने घरी जाता येतं.

ती त्याला म्हणाली, “पोर गेली तुझी. मला लय वाईट वाटलं. मी पन रडले तिच्यासाठी.” मग माझ्याकडे वळली. “पन हात माझा मोडला सायब. लिवा.”

अध्यक्ष काहीतरी बोलायला गेले. मी त्यांना बाहेर जायला सांगितलं, आणि मोकळेपणाने कबूल करतो, सभ्य भाषेत सांगितलं नाही.

हवालदाराने जबाब टाइप केला, कागद काढला आणि तिला वाचून दाखवायला सुरुवात केली. ‘सदर इसमाने ढकलल्याने मी खाली पडले व माझ्या उजव्या हातास मार लागला’ असं त्याने लिहिलं होतं. लाच घेऊन नव्हे. बापाची दया आली म्हणून. माझा सर्वांत चांगला माणूस, त्याची बोटंसुद्धा मिटवायच्या दिशेनेच वळली.

“ढकललं नाय,” ती म्हणाली. “काठीनं मारलं. दोनदा. एकदा खांद्यावर, एकदा हातावर. तसं लिवा.”

हवालदार माझ्याकडे बघू लागला. तेव्हा दाराशी उभा असलेला जीपवाला म्हणाला, “काठीच होती साहेब. माझ्याच गाडीतली.”

मी तो कागद फाडला आणि जबाब नव्याने लिहायला लावला, तिने सांगितला तसा, शब्दाला शब्द. तिने तो पुन्हा वाचून घेतला. प्लास्टरमधून बाहेर आलेल्या अंगठ्याला शाई लावून ठसा दिला.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं मला व्याख्यानाला बोलावणारे विचारतात. त्यांना शिव, श्रद्धा, पर्यावरण यांवर चार बरे शब्द हवे असतात. मी शिकलो ते एवढंच, की आम्ही ज्याला शांतता म्हणतो ती पुष्कळदा कोणाच्या तरी जबाबात बदललेल्या एका शब्दावर उभी असते. काठीच्या जागी ढकललं लिहिलं की गाव शांत. त्या बाईला शांतता नको होती, तिला काठी हवी होती. आणि ती मिळवण्यासाठी तिला आधी पुलावरून दोनदा हेलपाटे घालावे लागले, याचा माझा राग माझ्याबरोबरच जाईल.

दोन्ही खटले अजून चालू आहेत. भाऊला जामीन मिळाला, पेठेत त्याच्या गळ्यात हार घातले गेले. साक्षीसाठी मलाही तारखेला जावं लागतं. मागच्या तारखेला कोर्टाच्या आवारात मी बघितलं, ती बाई त्याच जीपवाल्याच्या जीपमधून उतरत होती. कोर्टाला जायला वाडीवरून दुसरी गाडी नाही. तो आरोपी म्हणून आत जाणार होता आणि ती त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला. तो भाडं घेत नव्हता, तिने ते सीटवर ठेवलं.

मी तिला बाजूला घेऊन विचारलं, त्याच्याच गाडीतून येतेस, भीती नाही वाटत?

“कसली भीती,” ती म्हणाली. “गाडी बरी चालवतो तो.”